वर्गणीवर उडणारे हेलिकॉप्टर

१९८७ सालच्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, एक लहानसे हेलिकॉप्टर रुग्णसेवेसाठी सज्ज होऊन उभे राहिले. एप्रिलची पहिली तारीख म्हणजे त्या लोकांचा एकमेकांस फसविण्याचा दिवस. तेव्हा ही वार्ता ऐकून काहींना हसू आले असल्यास नवल नाही. पण ती थट्टा नव्हती. अपघातात सापडलेले आणि अत्यवस्थ झालेले रुग्ण यांच्यासाठीच राखून ठेवलेले, रुग्णवाहिकेचे काम करणारे ब्रिटनमधील हे पहिले हेलिकॉप्टर होय. आज त्या देशात अशा सेवा चालविणाऱ्या एकवीस धर्मादाय संस्था आहेत, आणि एकट्या कॉर्नवॉलच्या सेवेने आजवर तीस हजारांहून अधिक वेळा धाव घेतली आहे.

एवढे ऐकले म्हणजे हा यंत्रयुगाच्या पराक्रमाचा विषय आहे असे वाटावे. मला त्यातले निराळेच काही महत्त्वाचे वाटते. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. अॅन्युरिन बेव्हन या खाणकामगाराच्या मुलाने मंत्री या नात्याने ती उभी केली. त्या दिवसापासून औषधपाणी ही दयेची बाब न राहता हक्काची बाब झाली. त्यापूर्वी तेथील अनेक मोठी इस्पितळे देणग्यांवर आणि वर्गणीवर चालत. ती सरकारने ताब्यात घेतली. रस्त्यावरची रुग्णवाहिका हेही सार्वजनिक कर्तव्य ठरले. प्रथम ते स्थानिक संस्थांकडे होते आणि १९७४ पासून आरोग्य सेवेकडे आले. मग चाळीस वर्षांनी तीच रुग्णवाहिका जमिनीवरून आकाशात गेली, तेव्हा तिच्यासाठी पुन्हा डबा फिरवावा लागला, तो का? ज्या देशात गरिबातल्या गरिबाला शस्त्रक्रियेचे पैसे पडत नाहीत, त्या देशात त्याला शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचविणारे हेलिकॉप्टर मात्र सोडतीच्या तिकिटांवर आणि जुन्या कपड्यांच्या दुकानांवर का उडावे? हा प्रश्न जितका अर्थशास्त्राचा तितकाच इतिहासाचाही आहे, आणि त्याचे उत्तर शोधायला कॉर्नवॉलच्या भूमीपासूनच आरंभ केला पाहिजे.

कॉर्नवॉल म्हणजे समुद्रात शिरलेली एक लांबट जीभ. तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला टेमर नदी. त्यामुळे तेथील लोक नदीपलीकडच्या मंडळींना आजही जरा परकेच समजतात. एके काळी कथील आणि तांबे यांच्या खाणींनी हा परगणा भरभराटीस आला होता. तेथले खाणकामगार इतके वाकबगार, की जगात जेथे जेथे जमीन खणायची तेथे तेथे ते गेले. कोलारच्या सोन्याच्या खाणींतही कॉर्नवॉलची माणसे आली होती. पण १९८५ मध्ये कथलाचा जागतिक बाजार कोसळला आणि उरल्यासुरल्या खाणीही बंद पडू लागल्या. म्हणजे आपल्या कथेच्या वेळी हा काही श्रीमंत मुलूख नव्हता. लोकवस्ती साडेचार लाखांच्या आसपास. मोठे रुग्णालय ट्रूरो गावाजवळ, एकच. रस्ते असे की दोन्ही बाजूंना उंच दगडी बांध आणि मधून जेमतेम एक गाडी जावी. समोरून दुसरी आली म्हणजे एकाने मागे सरायचे. उन्हाळ्यात तर लाखो प्रवासी समुद्रस्नानाला येतात आणि तेच रस्ते तुंबतात. शिवाय टोकापासून पंचेचाळीस किलोमीटरवर समुद्रात सिलीची बेटे. अशा ठिकाणी शेतात ट्रॅक्टर उलटून माणूस खाली सापडला, किंवा कड्यावरून कोणी घसरला, तर रुग्णवाहिका पोहोचण्यास आणि तेथून ट्रूरोस परतण्यास किती वेळ लागत असेल याचा अंदाज कोकणातल्या घाटवाटा पाहिलेल्या श्रोत्यांना मी वेगळा सांगायला नको.

मात्र कॉर्नवॉलच्या लोकांना संकटकाळी धावून जाण्याची रीत नवी नव्हती. ती त्यांना समुद्राने शिकविली होती. १८२४ साली सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये जीवरक्षक नौकांची संस्था स्थापन झाली. किनाऱ्यावरच्या गावोगाव एक बळकट नौका ठेवायची, गावातल्याच कोळ्यांनी आणि कारागिरांनी ती चालवायची, आणि वादळात जहाज फुटले की आपला जीव धोक्यात घालून परक्यांचे प्राण वाचवायचे, असा तिचा क्रम. सगळा खर्च देणगीतून. या संस्थेच्या इतिहासातली एक गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. १८५४ पासून पंधरा वर्षे तिने सरकारी अनुदान घेतले. पण सरकार पैसे देते आहे म्हटल्यावर लोकांचा हात आखडला, तेव्हा १८६९ मध्ये संस्थेने आपण होऊन ते अनुदान सोडून दिले. सरकारी पैसा नाकारून लोकांच्या खिशावर अधिक विश्वास ठेवणारी संस्था जगात विरळाच. पुढे १८८६ मध्ये लँकशरच्या किनाऱ्यावर एका जहाजाच्या मदतीस गेलेले सत्तावीस नावाडी बुडाले, आणि त्यानंतर चार्ल्स मॅकारा या कापूस-गिरण्यांच्या धन्याने १८९१ साली मँचेस्टरच्या रस्त्यांवरून नौकांची मिरवणूक काढून लोकांपुढे पेट्या फिरविल्या. रस्त्यावर उभे राहून धर्मकार्यासाठी पैसे गोळा करण्याची आधुनिक चाल तेथून पडली असे मानतात. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंड काढला आणि त्यातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला, त्या काळाच्या थोडे आधीची ही हकीकत. एकेका पैशात केवढे बळ असते हे दोन्हीकडच्या लोकांना कळले होते. फरक इतकाच, की आपल्या पैशाने उद्योग मागितला आणि त्यांच्या पेनीने होडी.

कॉर्नवॉलच्या स्मरणात हा इतिहास पुस्तकातला राहिलेला नाही. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री माउसहोल या चिमुकल्या बंदरासमोर 'युनियन स्टार' नावाचे मालवाहू जहाज यंत्र बंद पडून खडकांकडे वाहत चालले. नौदलाचे हेलिकॉप्टर प्रथम धावून गेले. पण वारा चक्रीवादळाचा आणि लाटा साठ फुटांच्या. जहाजाच्या डोलणाऱ्या डोलकाठीमुळे वरून दोर सोडणे अशक्य झाले. तेव्हा गावची 'सॉलोमन ब्राउन' ही नौका आठ स्वयंसेवकांना घेऊन पाण्यात गेली. त्यांनी जहाजावरील चौघांना आपल्या नौकेत घेतलेही. राहिलेल्यांसाठी ते परत वळले, आणि त्यानंतर त्या दोहोंवरचे कोणीच वाचले नाही. आठ आणि आठ, सोळा माणसे गेली. दुसरा दिवस मावळण्यापूर्वी नव्या नौकेवर जाण्यासाठी पुरेशी माणसे त्याच गावातून पुढे आली होती. देशभरातून तीस लाख पौंडांहून अधिक मदत जमली, आणि या देणग्यांवर कर बसणार अशी चर्चा सुरू होताच असा काही गहजब उडाला की सरकारला नमते घ्यावे लागले. दान आमचे आहे, त्याला सरकारने हात लावू नये, ही भावना किती प्रखर असते ते त्या वेळी दिसले. त्यानंतर सहाच वर्षांनी त्याच परगण्यात हेलिकॉप्टरच्या वर्गणीचा डबा फिरू लागला. या दोन घटनांचा सरळ कार्यकारणसंबंध मी जोडीत नाही. पण ज्या हातांनी एका डब्यात नाणे टाकले त्यांना दुसरा डबा अनोळखी वाटला नसणार.

आता त्या यंत्राकडे वळू. हेलिकॉप्टरने जखमी उचलण्याची कल्पना कोणा डॉक्टरची नव्हे, ती रणांगणातली आहे, आणि तिचा पहिला प्रयोग आपल्या उंबरठ्यावर झालेला आहे. १९४४ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशच्या जंगलात जपानी फळीच्या मागे एक लहान अमेरिकन विमान पडले. त्यात वैमानिकाबरोबर तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. आसामातल्या लालाघाटच्या धावपट्टीवर तेव्हा सिकॉर्स्की बनावटीची नवीकोरी हेलिकॉप्टरे येऊन पडली होती. कार्टर हार्मन नावाचा तरुण वैमानिक त्यांतले एक घेऊन निघाला. यंत्र इतके दुबळे की वैमानिकाखेरीज एकच माणूस त्यात बसे, आणि उष्ण हवेत इंजिन तापून बंद पडे. हार्मनने २५ आणि २६ एप्रिलला एकेकाला उचलून त्या चौघांनाही बाहेर काढले. कोरियाच्या युद्धात, १९५० नंतर, हे काम पद्धतशीर झाले. काचेच्या बुडबुड्यासारखे तोंड असलेल्या बेल हेलिकॉप्टरांच्या दोन्ही बाजूंना स्ट्रेचर बांधून सुमारे वीस हजार जखमींना तंबूतल्या शस्त्रक्रियागृहांत पोहोचविण्यात आले. सैनिकांच्या वाट्याला आलेली ही सोय रस्त्यावर मरणाऱ्या सामान्य नागरिकाला मिळायला मात्र पुढे वीस वर्षे लागली.

ती प्रथम मिळाली त्यांत पश्चिम जर्मनी होता, आणि त्यामागे एका मुलाचा मृत्यू आहे. ३ मे १९६९ रोजी श्टुटगार्टजवळ ब्यॉर्न श्टायगर हा आठ वर्षांचा मुलगा पोहून घरी येताना मोटारीखाली सापडला. रुग्णवाहिका यायला जवळजवळ तास लागला. मुलगा जखमांनी गेला नाही; इस्पितळाच्या वाटेवर आघाताच्या धक्क्याने गेला. दोनच महिन्यांनी त्याच्या आईवडिलांनी त्याच्या नावाने एक प्रतिष्ठान काढले आणि रस्त्यारस्त्यावर मदतीचे दूरध्वनी, देशभर एकच आणीबाणीचा क्रमांक, सुसज्ज रुग्णवाहिका यांसाठी जन्म वाहिला. हे साधे पुत्रशोकाचे स्मारक नव्हते. १९७० साली पश्चिम जर्मनीच्या रस्त्यांवर एकोणीस हजारांहून अधिक माणसे मेली, एवढा तो प्रश्न मोठा होता. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला म्युनिकच्या एका रुग्णालयाशेजारी मोटारवाल्यांच्या संघटनेने 'क्रिस्टोफ १' हे हेलिकॉप्टर उभे केले. प्रवाशांचा रक्षक मानला जाणारा संत ख्रिस्टोफर, त्याचे हे नाव. यंत्र होते ब्योल्को १०५. दोन इंजिनांचे, आटोपशीर, आणि मागच्या बाजूला शिंपल्यासारखी उघडणारी दोन दारे असलेले; त्या दारांतून रुग्णाला स्ट्रेचरसकट आत सरकविता येई. सतरा वर्षांनी कॉर्नवॉलमध्ये उभे राहिले ते याच जातीचे हेलिकॉप्टर.

कॉर्नवॉलचा आरंभ प्रयोग म्हणून झाला. हेलिकॉप्टर आणि वैमानिक यांचे भाडे लोकांच्या देणगीतून, आत बसणारे शुश्रूषक रुग्णवाहिकांच्या सरकारी सेवेतले, अशी वाटणी पुढे ब्रिटनभर बहुतेक ठिकाणी रूढ झाली. सरकारचे म्हणणे थोडक्यात असे, की आमची माणसे घ्या, पण पंखे तुमचे. लोकांनी ते मान्य केले आणि पैसे जमविण्याचे नाना मार्ग काढले. आठवड्याला एक पौंडाची सोडत हा त्यांतला सर्वांत भरवशाचा. त्याखेरीज जुने कपडे, पुस्तके, कपबशा विकणारी दुकाने, शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरांच्या मिरवणुका, चहापानाचे कार्यक्रम, मृत्युपत्रात ठेवलेल्या रकमा. एका धावेला काही हजार पौंड खर्च येतो आणि रुग्णाकडून एक पेनीही घेतली जात नाही. म्हणजे आपल्याकडच्या पाणपोईसारखेच हे. पाणी पिणाऱ्याने पाणी भरणाऱ्याचे नावही विचारायचे नाही. फक्त येथे घडा भरायला टर्बाइन इंजिन लागते.

शेजारच्या डेव्हन परगण्याने १९९२ मध्ये कॉर्नवॉलची वाट धरली. तेथे तर ब्यॉर्न श्टायगरची कथाच पुन्हा घडली म्हणावी: अपघातात तरुण मुलगा गमावलेल्या एका आईने वर्गणीसाठी कंबर कसली आणि हेलिकॉप्टर आणून दाखविले. मग एकामागून एक परगणे उठले. त्यात थोडी चढाओढही होती. शेजारच्या गावाने देवळाला सोन्याचा कळस चढविला की आपल्याला स्वस्थ बसवत नाही, तसे. लंडनची गोष्ट जरा वेगळी. १९८८ साली शल्यविशारदांच्या राजमान्य महाविद्यालयाने एक अहवाल काढून सांगितले, की अपघातातले जखमी रुग्णालयात पोहोचूनही योग्य उपचारांअभावी मरतात आणि त्यांतले बरेच मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत. त्यानंतर लगेच, एका वृत्तपत्र-कंपनीच्या पैशावर, व्हाइटचॅपेलच्या रॉयल लंडन रुग्णालयाच्या गच्चीवरून लाल रंगाचे हेलिकॉप्टर उडू लागले. लंडनने एक नवी गोष्ट केली: हेलिकॉप्टरमध्ये डॉक्टर बसविला. हा बदल किती मोठा होता हे तेव्हा फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही.

ते ध्यानी आले एका अप्रिय चौकशीमुळे. १९९० नंतरच्या दशकात शेफिल्ड विद्यापीठातील संशोधकांनी कॉर्नवॉल, ससेक्स आणि लंडन येथील हेलिकॉप्टर-सेवांचा हिशेब मांडला. खर्च किती, वेळ किती वाचला, आणि शेवटी माणसे किती वाचली. निष्कर्ष देणगीदारांना सुखावणारा नव्हता. जखमींचा एकत्रित विचार केला तर जगण्याच्या प्रमाणात ठळक सुधारणा दिसत नाही, खर्च मात्र निश्चित वाढतो. फार गंभीर जखमींना काही लाभ होत असावा, इतकेच म्हणता येईल, असा त्याचा आशय. कॉर्नवॉलमध्ये तर किरकोळ दुखापतीचे कितीतरी रुग्ण हेलिकॉप्टरने आणले जात होते.

येथे श्रोत्यांनी क्षणभर सरकारच्या जागी बसून पाहावे. खजिन्यात ठराविक पैसा आहे. त्यातून दाई नेमायच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांची यंत्रे घ्यायची, म्हाताऱ्यांचे सांधे बदलायचे. अशा वेळी पंडितांनी ज्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही म्हणून सांगितले त्या हेलिकॉप्टरला पैसा देणे शहाणपणाचे होते काय? सरकारने दिला नाही, त्याला मी निर्दयता म्हणणार नाही. पण लोकांनी मात्र देणे थांबविले नाही. त्यांनी तो अहवाल वाचला नव्हता, आणि वाचला असता तरी थांबले नसते. ज्याच्या भावाला खडकावरून उचलून नेताना त्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला सरासरीचा आकडा काय सांगणार?

आणि येथे इतिहासाने एक मौजेचे वळण घेतले. सरकारने हात वर केले असल्यामुळे या संस्थांना सुधारण्याचे स्वातंत्र्य उरले. शेफिल्डच्या टीकेत तथ्य होते. रुग्णाला लवकर उचलून नेणे एवढ्यानेच तो वाचत नाही. मग रुग्णाला रुग्णालयाकडे नेण्याऐवजी रुग्णालयच रुग्णाकडे न्यावे, हा लंडनचा विचार हळूहळू सर्वत्र पसरला. १९९३ साली लंडनच्या पथकाने रुग्णालयाबाहेर छाती उघडून केलेली शस्त्रक्रिया प्रथमच यशस्वी झाली. २०१२ मध्ये त्यांनी हेलिकॉप्टरमध्ये रक्ताच्या पिशव्या नेण्यास आरंभ केला. रक्तस्रावाने मरणाऱ्याला रक्त आता रस्त्याच्या कडेलाच चढू लागले. भूल देऊन श्वासनलिकेत नळी घालणे, जे पूर्वी शस्त्रक्रियागृहाच्या चार भिंतींत होई, ते चिखलात गुडघे टेकून होऊ लागले. इतर परगण्यांनी डॉक्टर आणि अतिदक्षतेचे विशेष शिक्षण घेतलेले शुश्रूषक आणले. यंत्र उडतच होते, पण त्याचे काम आता ओझे वाहण्याचे राहिले नव्हते. एखादे सरकारी खाते असते तर पहिला प्रतिकूल अहवाल येताच ते बंद झाले असते; वर्गणीच्या हट्टाने ते तगले आणि तगल्यामुळे सुधारले. हा हट्ट प्रत्येक वेळी शहाणा ठरेलच असे नाही. येथे तो ठरला.

या कामाची किंमत केवळ पैशात नव्हती. जुलै १९९८ मध्ये केंट परगण्याचे हेलिकॉप्टर विजेच्या तारांना अडकून कोसळले आणि आतले तिघेही ठार झाले. संस्था बंद पडली नाही. पुढे २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षे राजपुत्र विल्यम हे पूर्व इंग्लंडच्या सेवेत वैमानिक होते, आणि जगभरच्या वृत्तपत्रांनी तेवढीच गोष्ट छापली. केंटच्या तिघांची नावे तेथल्या लोकांखेरीज फारशी कोणास ठाऊक नाहीत. वृत्तपत्रांचे हे असेच चालायचे.

सर्वांत शेवटी ही सेवा मिळाली ती उत्तर आयर्लंडला. तेथे डॉ. जॉन हाइंड्स हे भूलशास्त्राचे वैद्य मोटारसायकलींच्या शर्यतींत स्वतः मोटारसायकलवरून शर्यतखोरांच्या मागोमाग जात आणि पडलेल्यावर जागीच उपचार करीत. आपल्या प्रांताला हेलिकॉप्टर मिळावे म्हणून त्यांनी रान उठविले होते. जुलै २०१५ मध्ये अशाच एका शर्यतीच्या सरावात सेवेवर असताना ते स्वतः अपघातात गेले. त्यानंतर लोकांची मागणी सरकारला टाळता येईना. पण पैसा कोठून आला पाहा. लंडनच्या मोठ्या बँकांनी आपसांत संगनमत करून व्याजाचे दर फिरविल्याचे उघड झाले होते आणि त्यांना जबर दंड बसला होता. त्या दंडातले पंचेचाळीस लाख पौंड १९१६ नव्हे, आपल्या डोळ्यांदेखतच्या २०१६ च्या अंदाजपत्रकात या हेलिकॉप्टरसाठी देण्यात आले. इतर परगण्यांच्या सेवांनाही या दंडाचा वाटा मिळाला. सावकाराच्या लबाडीचा पैसा देवळाच्या हुंडीत जावा तसे हे. पण सरकारने तेव्हाही ही जबाबदारी कायमची आपल्या अंगावर घेतली नाही, एकवेळची देणगी दिली. देणगीदारांच्या रांगेत सरकार स्वतःच येऊन उभे राहिले! उत्तर आयर्लंडचे हेलिकॉप्टर जुलै २०१७ मध्ये उडू लागले. आकाशात त्याची हाक 'डेल्टा ७' अशी आहे. मोटारसायकलवरून फिरताना डॉ. हाइंड्स यांची हाक हीच होती.

आतापर्यंत वर्गणीची उजळ बाजू सांगितली. दुसरी बाजू वेल्समध्ये दिसली. तेथील सेवा २००१ साली वेल्सचे संत डेव्हिड यांच्या उत्सवाच्या दिवशी, १ मार्चला सुरू झाली, आणि २०१५ पासून हेलिकॉप्टरे धर्मादाय संस्थेची व डॉक्टर सरकारचे अशी नवी भागीदारी झाली. मध्य वेल्समध्ये वेल्शपूल आणि वायव्येस कर्नार्वन येथे तिचे दोन तळ. डोंगराळ, विरळ वस्तीचा मुलूख. तेथल्या मेंढपाळांनी आणि शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे पैसे जमविले ते आपल्या गावच्या हेलिकॉप्टरसाठी. २०२२ मध्ये प्रस्ताव आला की हे दोन्ही तळ बंद करून उत्तरेकडे एकच करावा. तेथून रात्रीही काम चालेल आणि एकूण अधिक रुग्णांपर्यंत पोहोचता येईल. आकडे त्या बाजूला होते. गावे खवळली. सभा झाल्या, निवेदने गेली. तरीही एप्रिल २०२४ मध्ये आरोग्य सेवेच्या समितीने प्रस्ताव मंजूर केला, तेव्हा लोक न्यायालयात गेले, आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला.

या वादात माझे मन दोन्हीकडे ओढ घेते. देशाच्या नकाशावर बोट ठेवून पाहणाऱ्याला वाटते की जेथून जास्तीत जास्त जीव वाचतील तेथे यंत्र ठेवावे. कोणी किती पैसे दिले याच्याशी त्याचा संबंध असू नये. पण ज्या शेतकऱ्याला याच तळाच्या नावाने वीस वर्षे पावती दिली गेली, त्याला आज तुझे दान साऱ्या वेल्सचे होते असे सांगणे, हे कागदोपत्री खरे असले तरी त्याला ते पटावे कसे? कर भरणाऱ्याला मतपेटी तरी असते. वर्गणी देणाऱ्याच्या हाती वर्गणी बंद करण्यापलीकडे काही नसते, आणि ती बंद केली तर पहिला फटका त्याच्याच शेजाऱ्याला. जीवरक्षक नौकांच्या संस्थेने १८६९ साली अनुदान सोडले तेव्हा तिने एक गाठ सोडवली होती. वेल्समध्ये सरकार आणि धर्मादाय संस्था एकाच यंत्रात बसल्यावर तीच गाठ नव्याने बसली.

कॉर्नवॉलमध्ये मात्र अजून जुनाच क्रम चालू आहे. न्यूक्वेच्या विमानतळावरून ही सेवा चालते. जुन्या यंत्राच्या जागी मोठे, रुग्णाभोवती चारी बाजूंनी फिरता येईल असे एडब्ल्यू १६९ जातीचे हेलिकॉप्टर आणावयाचे ठरले, तेव्हा पंचवीस लाख पौंडांचे आवाहन निघाले आणि ते लोकांनी पुरे केले. नवे हेलिकॉप्टर एप्रिल २०२० मध्ये कामावर रुजू झाले. करोनाच्या साथीमुळे त्या महिन्यात देशातली दुकाने बंद होती, त्यांत संस्थेची जुन्या कपड्यांची दुकानेही आली. चहापानाचे कार्यक्रम रद्द झाले होते आणि डबे फिरविणारी वृद्ध मंडळी घरांत अडकली होती. आठवड्याची सोडत चालू राहिली. पुढे काही वर्षांतच त्या परगण्यात दुसऱ्या हेलिकॉप्टरसाठी वर्गणी सुरू झाली.